आधी दुखणं तर कळू द्या

दुरुस्तीच्या हक्काविषयी आपल्याकडे सरकारी पातळीवर बोलणं सुरू झालं त्याला आता काही वर्षं झाली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यासाठी निवडली गेली. पण या विषयावरची चर्चा ऐकली तर ती फिरून फिरून सुट्या भागांवर येते. बॅटरी मिळत नाही, स्क्रीन परवडत नाही, स्क्रू असे की साधा स्क्रू-ड्रायव्हर चालत नाही. तक्रारी खऱ्याच आहेत. मात्र सुटा भाग लागतो तो दुरुस्तीच्या शेवटच्या टप्प्यावर. त्याआधी कोणता भाग बदलायचा हे कळावं लागतं, आणि आजची यंत्रं माणसाला अडवतात ती तिथेच. माझं म्हणणं असं की दुरुस्तीचा हक्क हा आधी निदानाचा हक्क आहे. या म्हणण्याला साक्षीदार म्हणून एक वस्तू पुढे करतो. ती आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. कमोडोर ६४ या घरगुती संगणकाला बाहेरून जोडायचा '१५४१' नावाचा फ्लॉपी ड्राइव्ह.

साक्षीदार म्हणून हा ड्राइव्ह मुद्दाम निवडला आहे, कारण तो चांगला नव्हता. कमोडोर ६४ अमेरिकेत १९८२ मध्ये ५९५ डॉलरला विक्रीला आला आणि पुढच्या दशकभरात त्याच्या किमान सव्वा कोटी प्रती खपल्या असाव्यात असा अंदाज आहे. त्याच्याबरोबर आलेला १५४१ संथ होता. सेकंदाला तीन-चारशे बाइट एवढीच त्याची चाल, म्हणजे चाळीस किलोबाइटचा खेळ सुरू व्हायला दीड-दोन मिनिटं. ट्रान्सफॉर्मर खोक्याच्या आतच बसवल्यामुळे तो चांगलाच तापायचा. शेवटी १९८८ च्या आसपास आलेल्या '१५४१-२' मध्ये वीजपुरवठा बाहेर काढावा लागला. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या एकाच बाजूवर जेमतेम १७० किलोबाइट माहिती मावायची. हेड पहिल्या ट्रॅकवर पोचलं की नाही हे सांगणारा सेन्सरही सुरुवातीच्या ड्राइव्हमध्ये नव्हता. पैसे वाचवण्यासाठी तो गाळला होता, आणि त्याचे परिणाम पुढे येतीलच. मजबुतीच्या नावाने या वस्तूची कोणी आरती ओवाळणार नाही. तरीही चाळीस वर्षांनंतर जगभरातले हौशी लोक ती उघडतात, तपासतात आणि चालू करतात. टिकाऊ नसलेलं यंत्र इतकी वर्षं दुरुस्त होत राहिलं असेल, तर त्याचं कारण टिकाऊपणात शोधून उपयोग नाही.

ते कारण त्याच्या बिघाडाच्या स्वभावात आहे. १५४१ हा नुसता ड्राइव्ह नव्हता, तो स्वतःच एक छोटा संगणक होता. त्याला स्वतःचा ६५०२ प्रोसेसर, दोन किलोबाइट रॅम, सोळा किलोबाइट रॉम आणि ६५२२ नावाच्या दोन चिप होत्या. त्यामुळे पहिली तपासणी संगणकाशिवायच होते. केबल काढून टाका आणि ड्राइव्ह एकटा चालू करा. हिरवा दिवा लागला, लाल दिवा क्षणभर लागून विझला, मोटर थोडी फिरून थांबली, तर प्रोसेसर, रॉम आणि रॅम जागेवर आहेत आणि संशय केबलकडे किंवा संगणकाकडे वळतो. लाल दिवा लागूनच राहिला आणि मोटर थांबेचना, तर आतला प्रोसेसर आपला प्रोग्राम सुरूच करू शकलेला नाही. मग मल्टिमीटरने पाच आणि बारा व्होल्ट मिळतात का ते आधी पाहायचं, नंतर रॉमकडे वळायचं. लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबतो आणि पुन्हा तसाच लुकलुकतो, तेव्हा तो स्वतःच्या तपासणीत नापास झालेला असतो, आणि लुकलुकण्याची संख्या मोजली की रॉम गेली की रॅम याचा अंदाज येतो. हिरवा दिवाही लागला नाही, तर मागचा फ्यूज. एवढं कळायला एकही खास उपकरण लागत नाही, कंपनीची परवानगी तर नाहीच.

केबल जोडल्यावरची गोष्ट तर आणखी मोकळी. संगणक 'डिव्हाइस नॉट प्रेझेंट' म्हणाला, तर समोरून उत्तरच आलेलं नाही. केबल, साखळीत जोडलेला प्रिंटर, ड्राइव्हचा क्रमांक, किंवा चालू असताना केबल उपसल्यामुळे गेलेली ७४०६ चिप, यांतलं काहीतरी. पण उत्तर आलं आणि लाल दिवा लुकलुकू लागला, तर ड्राइव्हला काही सांगायचं आहे. बेसिकमध्ये तीन-चार ओळी लिहून पंधरा क्रमांकाची वाहिनी उघडली की तो चार गोष्टी सांगतो: झालेल्या चुकीचा क्रमांक, तिचं नाव, ट्रॅक आणि सेक्टर. '२१, रीड एरर, १८, ००' याचा अर्थ, अठराव्या ट्रॅकवर, जिथे फायलींची यादी असते, तिथे सेक्टरची सुरुवात सांगणारी खूणच सापडली नाही. फ्लॉपी कोरी आहे, किंवा हेडला काहीच दिसत नाहीये. २३ आला तर मजकूर सापडला, पण त्याची बेरीज जुळली नाही. म्हणजे हेड जागेवर आहे, फ्लॉपीचा तेवढा भाग खराब आहे किंवा हेडवर मळ साचला आहे. पहिल्या दुखण्यात हेडची जागा तपासायची, दुसऱ्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस पुरतो. काहीही बिघडलेलं नसेल तर तोच ड्राइव्ह चालू झाल्या झाल्या ७३ क्रमांकाखाली आपलं नाव आणि आपल्या प्रणालीची आवृत्ती सांगतो. चुकांच्या यादीत स्वतःची ओळख का घातली असेल कोण जाणे, पण निदानाच्या दृष्टीने हा सर्वांत उपयोगी संदेश आहे. तो आला की अर्धा संशय मिटतो.

या ड्राइव्हचं सर्वांत बदनाम दुखणं म्हणजे हेड जागचं सरकणं. पहिल्या ट्रॅकचा सेन्सर नसल्यामुळे वाचता येईनासं झालं की तो हेड मागे मागे नेतो आणि आतल्या अडथळ्यावर आपटतो, खडखड आवाज करत. फ्लॉपी फॉरमॅट करतानाही हेच. त्यात खेळ विकणाऱ्या कंपन्यांनी नक्कल रोखण्यासाठी फ्लॉपीवर मुद्दाम चुका पेरल्या, त्यामुळे असल्या प्रत्येक फ्लॉपीमागे आपटणं वाढलं. स्टेपर मोटरच्या दांड्यावर नुसती दाबून बसवलेली पुली उष्णतेने आणि या आपटण्याने हळूहळू सरकायची. याचं लक्षण फार बोलकं आहे. ड्राइव्ह स्वतः लिहिलेल्या फ्लॉपी बिनतक्रार वाचतो, दुसऱ्याच्या वाचत नाही, कारण तो चुकीच्या जागी लिहितो आणि चुकीच्याच जागी वाचतो. उपाय म्हणजे मोटरचे दोन स्क्रू सैल करून, खात्रीची फ्लॉपी लावून, वाचन साफ होईपर्यंत मोटर किंचित फिरवणं. मात्र हेड जागेवर आलं की वाकड्या काळात लिहिलेल्या फ्लॉपी वाचता येईनाशा होतात. म्हणून जाणकार आधी त्यांच्या प्रती काढून घेतात. फिरण्याचा वेग तपासण्याची सोय तर कारखान्यातच केलेली होती. चाकाच्या खालच्या बाजूला रेघांची दोन वर्तुळं आहेत, एक ५० हर्ट्झच्या विजेसाठी आणि एक ६० च्या. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली आपल्या वर्तुळातल्या रेघा स्थिर दिसल्या, की मिनिटाला तीनशे फेऱ्या बरोबर आहेत. सरकत दिसल्या तर मोटरच्या बोर्डावरचा पोटेन्शिओमीटर किंचित फिरवायचा. (चांगल्या एलईडी दिव्याखाली हे साधत नाही, कारण तो विजेबरोबर लुकलुकत नाही. दिवे सुधारले आणि एक फुकटचं मापन गेलं.)

हे सगळं शक्य झालं ते माहिती उघड होती म्हणून. कमोडोर ६४ च्या प्रोग्रामरांसाठी कंपनीनेच १९८२ मध्ये काढलेल्या संदर्भग्रंथाच्या शेवटी संगणकाचा पूर्ण सर्किट आराखडा छापलेला होता. ड्राइव्हच्या रॉममध्ये काय आहे याची ओळ न् ओळ समजावणारी पुस्तकं, उदाहरणार्थ रिचर्ड इमर्स आणि जेराल्ड न्यूफेल्ड यांचं 'इनसाइड कमोडोर डॉस', १९८४ पर्यंत दुकानांत आली होती. परिणाम काय झाला याचं एक उदाहरण पुरेसं आहे. जुन्या फाइलवर त्याच नावाने नवी फाइल लिहायची एक सोय या ड्राइव्हमध्ये होती. तिच्यामुळे कधीकधी दुसऱ्याच फाइलची वाट लागते, अशी वापरणाऱ्यांची तक्रार होती, आणि हा भ्रम आहे असं सांगणारे जाणकारही होते. वाद वर्षानुवर्षं चालला. १९८५ मध्ये एका संगणक मासिकात रॉमच्या आधारे दोष नेमका कुठे आहे हे सिद्ध करून छापलं गेलं, आणि तो दोष शोधणारा कंपनीचा नोकर नव्हता. आतली रचना झाकलेली असती तर तक्रारी आणि नकार यांचा सामना अजूनही बरोबरीतच राहिला असता.

याच्या शेजारी आजचा ट्रॅक्टर ठेवून पाहा. अमेरिकेत जॉन डीअर कंपनीचे ट्रॅक्टर वापरणाऱ्या शेतकऱ्यांचं तिच्याशी भांडण सुट्या भागांपेक्षा निदानाच्या सॉफ्टवेअरवरून पेटलं. बिघाडाचा पूर्ण अर्थ लावणारं आणि नवा भाग यंत्राला ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर अधिकृत विक्रेत्यांकडेच, म्हणून ऐन हंगामात वाट पाहत बसण्याची पाळी. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीच्या यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर खटला भरला. त्याच्या केंद्रस्थानीही हेच सॉफ्टवेअर आहे. मोबाइलची गत वेगळी नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात फोनच्या बोर्डवर बोटभर अंतरात डझनभर चिप तपासणारे कारागीर बसलेले असतात. कसब त्यांच्या हातात आहे. पण सर्किटचे आराखडे कंपन्या देत नाहीत, ते कुठून तरी फिरत फिरत येतात. कायद्याने ज्याला ते उजळ माथ्याने मिळायला हवेत त्याने चोरवाटेने मिळवलेल्या कागदावर धंदा चालवायचा, आणि मग अनधिकृत म्हणून त्यालाच नावं ठेवायची.

यावर पहिला आक्षेप असा की हा सगळा स्मरणरंजनाचा खेळ आहे. १५४१ ची नक्कल करणारं, मेमरी कार्डवर चालणारं उपकरण मिळतं, मग गंजका ड्राइव्ह उघडत बसायचं कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि खेळच खेळायचा असेल तर उत्तर 'कशालाही नाही' असंच आहे. पण ती नक्कल इतकी हुबेहूब वठली कशामुळे? मूळ ड्राइव्हचा प्रोसेसर, रॉम आणि चिप यांचं वागणं तपशिलात ठाऊक होतं म्हणून. बंद यंत्राची अशी नक्कल करायची तर आधी वर्षानुवर्षं कुलूप फोडण्यात जातात. शिवाय चाळीस वर्षांपूर्वी कोणी फ्लॉपीवर लिहिलेला मजकूर मेमरी कार्डात आपोआप उतरत नाही, त्यासाठी एकदा तरी खरं हेड खऱ्या फ्लॉपीवरून फिरावं लागतं, आणि सव्वापाच इंची ड्राइव्ह आता कोणी नव्याने बनवत नाही. जे आहेत ते दुरुस्त करूनच वापरायचे. शाळा, कचेऱ्या, प्रयोगशाळा यांच्या जुन्या नोंदींचा विचार केला तर हे फक्त छांदिष्टांचं काम उरत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. १५४१ चा बोर्ड मोठा, चिप बोटाने उचलण्याजोग्या, अनेक बोर्डांवर त्या सॉकेटमध्ये बसवलेल्या. दोन्ही ६५२२ ची अदलाबदल केली आणि दुखणं बदललं, की दोष चिपमध्येच आहे हे सिद्ध झालं, कारण एक संगणकाशी बोलते आणि दुसरी मोटर व हेड सांभाळते. हीच चिप मूळ मॅकिंटॉशमध्ये होती आणि आपल्याकडे १९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्पातून शाळांमध्ये आलेल्या बीबीसी मायक्रोमध्येही होती, आणि तिची नवी आवृत्ती अजून बनते. आजच्या फोनमध्ये हे कसं व्हायचं? होणार नाही, हे मान्य. सॉकेट परत आणा अशी माझी मागणीही नाही. पण गुंतागुंत वाढली म्हणजे निदान झाकावंच लागतं, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मोटारगाडी काय कमी गुंतागुंतीची आहे? तरी अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांमध्ये ओबीडी-२ हे एकाच घडणीचं सॉकेट सक्तीचं झालं आणि भारतातही भारत स्टेज ४ च्या काळात ते आलं. आज गल्लीतला गॅरेजवाला स्वस्तातला स्कॅनर लावून इंजिनाच्या चुकीचा क्रमांक वाचतो. गंमत अशी की हे सॉकेट सक्तीचं झालं ते धुराच्या नियमांसाठी, ग्राहकाच्या सोयीसाठी नव्हे. म्हणूनच इंजिन आणि धूर यांविषयीचे क्रमांक सर्व कंपन्यांना सारखे आणि उघड आहेत, तर एअरबॅग किंवा ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक्सचे बरेचसे क्रमांक आजही ज्याच्या त्याच्या कुलपात. कायद्याने जेवढं मागितलं तेवढंच उघडलं. तंत्राची अडचण असती तर तेवढंही उघडलं नसतं. उलट आजची यंत्रं १५४१ पेक्षा किती तरी अधिक आत्मपरीक्षण करतात. वॉशिंग मशीनला आपला कोणता सेन्सर गेला हे ठाऊक असतं, फक्त ते पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा दाखवून थांबतं आणि त्याचा अर्थ सेवा केंद्रातल्या फायलीत राहतो.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा आणि नकलेचा. माहिती उघडी केली की चोरांचं फावेल, बॅटरीशी खेळून कोणी हात भाजून घेईल. १५४१ च्या बाबतीत पहिली भीती खरी ठरली होती हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांनी ड्राइव्हची रॉम वाचून काढली त्यांतल्या अनेकांनी खेळांचं संरक्षण तोडलं. पण संरक्षण करणाऱ्यांनी काय केलं तेही पाहायला हवं. त्यांनी पेरलेल्या चुकांनी पैसे देऊन खेळ घेणाऱ्याचा ड्राइव्ह आपटून आपटून झिजवला आणि नकला काही थांबल्या नाहीत. भुर्दंड प्रामाणिक ग्राहकाला पडला. बॅटरीबाबत काळजी योग्यच आहे, पण धोका कळतो तो माहिती मिळाल्याने. अर्धवट माहितीवर उघडलेला फोन पूर्ण आराखडा हाताशी ठेवून उघडलेल्या फोनपेक्षा अधिक घातक.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. कमोडोर काही धर्मादाय संस्था नव्हती. ड्राइव्हला स्वतःची बुद्धी दिली गेली ती कंपनीच्या आधीच्या संगणकांपासून चालत आलेली पद्धत म्हणून, ग्राहकाला बिघाड कळावा म्हणून नव्हे. प्रामाणिक चूक-संदेश आणि उघड आराखडे हे त्या काळाचं उपउत्पादन होतं. आज तो काळ नाही. कंपनीच्या सद्भावनेवर आणि जुन्या सवयीवर ही गोष्ट सोपवता येणार नाही, ती मागूनच घ्यावी लागेल. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दहापैकी किती दुरुस्तीयोग्य याचा गुण छापणं सक्तीचं केलं, आणि त्याच्या पाच निकषांत कागदपत्रांची उपलब्धता हा एक आहे. आपल्याकडेही मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी अशा निर्देशांकाचा आराखडा एका वेगळ्या समितीने २०२५ मध्ये सरकारला दिला आहे. त्याचे नियम ठरतील तेव्हा स्क्रू आणि बॅटरीइतकंच वजन चूक-क्रमांकांना हवं: यंत्र जो क्रमांक दाखवतं त्याचा पूर्ण अर्थ ग्राहकाला, त्याच्या भाषेत, वस्तूबरोबरच्या पुस्तिकेत मिळाला पाहिजे, आणि स्वयंतपासणी सुरू करण्याची युक्ती सेवा केंद्रापुरती राखून ठेवता कामा नये.

आणि कंपनी बुडाल्यावर काय? कमोडोरने २९ एप्रिल १९९४ रोजी दिवाळखोरी पत्करली. त्यानंतरही १५४१ दुरुस्त होतो, कारण त्याची माहिती छापील पुस्तकांत होती आणि पुस्तकं कंपनीबरोबर बुडत नाहीत. आज दुरुस्तीची माहिती असते ती कंपनीच्या सर्व्हरवर. सर्व्हर बंद झाला की ती गेली. यासाठी आपल्याला नवं काही शोधायचीही गरज नाही. १९५४ च्या पुस्तक-वितरण कायद्यानुसार भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह अन्य तीन ठिकाणच्या ग्रंथालयांत जमा करावी लागते. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राचा सर्किट आराखडा आणि चूक-क्रमांकांची यादी तशीच एका सार्वजनिक ठिकाणी जमा व्हावी, असं निर्देशांकाच्या नियमांतच लिहिता येईल. व्यापारी गुपिताची भीती असेल तर कंपनी ती वस्तू विकते आणि तिची सेवा देते तोवर पाकीट मोहोरबंद ठेवा, सेवा थांबल्याच्या दिवशी उघडा.